पगार कमी का आला? अमेरिकेतल्या ट्रकचालकांची कपात आणि पर डायम: तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणं आधी सांगते, कारण फोनवर मला पहिल्यांदा तीच ऐकू येतात.

मैल तेवढेच, दर तोच, तरी हातात आलेली रक्कम मागच्या आठवड्यापेक्षा दीड-दोनशे डॉलरनं कमी. पर डायम, म्हणजे बाहेरच्या मुक्कामातला जेवणाचा भत्ता, सुरू झाल्यापासून "पगारच घटलाय" असं वाटणं. एखाद्या आठवड्यात भरपूर गाडी पळवली, तर टॅक्स मैलांच्या मानानं फारच जास्त कापलेला. राहायला इंडियानात आणि पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर, भलत्याच राज्याचा टॅक्स. जानेवारीत डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला) हातात आला, तर त्यातला पगार वर्षभर खात्यात आलेल्या पैशांशी जुळत नाही. घराच्या कर्जासाठी बँकेत गेलं, तर उत्पन्न कमी दिसतंय म्हणून नकार. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वर्षभर काहीच कापलं गेलं नाही, आणि एप्रिलमध्ये, रिटर्न भरताना, हजारो डॉलर भरायची वेळ आली.

मी पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या छोट्या ट्रकिंग कंपन्यांचं पेरोल आणि सेटलमेंट, म्हणजे चालकांच्या पैशांचा दर खेपेचा हिशोब, बघते. आठ वर्षं झाली. तिकडे शुक्रवारची सकाळ, म्हणजे पगाराची वेळ, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ उलटून गेलेली असते आणि फोन सुरू होतात. चालक बहुतेक पंजाबी किंवा मेक्सिकन, अलीकडे मराठीही भेटतात. हे लिहितेय ते अशा चालकांसाठी, आणि माझ्यासारखं काम इथे बसून करणाऱ्या मुलामुलींसाठीही. क्रम मुद्दाम सोप्याकडून अवघडाकडे ठेवलाय. पहिल्या तीन-चार तपासण्यांना एक पैसाही लागत नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

१. तुम्ही कोण आहात, ते कागदावर बघा

डब्ल्यू-२ वाले की १०९९ वाले? कंपनीच्या पगारावर असलेल्या चालकाचा टॅक्स कंपनी कापते आणि वर्षाअखेरीस डब्ल्यू-२ देते. स्वतःच्या ट्रकवर, कंत्राटावर चालणाऱ्याला १०९९ नावाचा कमाईचा फॉर्म मिळतो आणि कापाकापी कुणी करत नाही, टॅक्स त्याचा त्यानं भरायचा. पे-स्टबवर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) ६.२ टक्के आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) १.४५ टक्के अशा दोन ओळी असतील, तर तुम्ही पगारी. त्या ओळीच नसतील, तर तुम्ही कंत्राटी.

हे आधी बघायचं कारण असं की पर डायमचे नियम इथेच दुभंगतात. व्हिडिओत कुणीतरी सांगतो, "दिवसाला ६४ डॉलर टॅक्समधून वजा करा," आणि पगारी चालक ते ऐकून रिटर्न भरायला बसतो. पगारी माणसाला संघराज्याच्या रिटर्नमध्ये ही वजावट २०१८ पासून नाही. २०१७ च्या कायद्यानं ती २०२५ पर्यंत थांबवली होती, २०२५ च्या नव्या कायद्यानं कायमची काढून टाकली. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, पेनसिल्वेनिया अशा काही राज्यांच्या रिटर्नमध्ये नोकरीच्या खर्चाला अजून जागा आहे, पण प्रत्येकाचे नियम वेगळे. पगारी चालकाला पर डायमचा फायदा मिळायचा तो कंपनीनं पगारातच दिला तर. संघराज्याच्या टॅक्सात दुसरा रस्ता नाही.

२. दोन पे-स्टब शेजारी शेजारी ठेवा

एक नेहमीचा, एक गडबडीचा. फक्त खालची रक्कम बघू नका, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून दोन्हीकडचा आकडा वाचा. ओळ नवी आहे, वाढलीय की दोनदा आलीय?

दोनदा येणारी ओळ बहुतेक वेळा उचलीची असते. कराडकडचे एक दादा, आता तिकडे इंडियानात असतात, त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाज रडवेला होता. "ताई, दोनशे डॉलर गेले आणि कुणी सांगत नाही कुठे." झालं असं होतं की मंगळवारी रात्री सेटलमेंट बंद व्हायच्या तासभर आधी त्यांनी फ्युएल कार्डवर दोनशे डॉलर उचलले. कार्डवाल्यांच्या यादीतून ती उचल आपोआप आली, आणि डिस्पॅचरनंही (चालकांना खेपा नेमून देणारा माणूस) चांगुलपणानं हातानं टाकून ठेवली. दोन नोंदी, दोन कपाती. पुढच्या आठवड्यात पैसे परत मिळाले. उचल घेतली की तारीख, वेळ आणि रक्कम फोनमध्ये लिहून ठेवा. ती नोंद असेल तर हे भांडण दोन मिनिटांत संपतं, नसेल तर दोन आठवडे चालतं.

आरोग्य विमा आणि ४०१(के), म्हणजे निवृत्तीसाठीची बचत, या ओळीही इथेच बघून घ्या. नवीन वर्षात विम्याचा हप्ता वाढतो आणि बऱ्याच जणांना ते जानेवारीच्या पगारातच कळतं.

३. पर डायमची ओळ: वर मिळतोय की आतून?

इथे थोडं थांबते, कारण सगळा गोंधळ इथला आहे.

पर डायम म्हणजे बाहेरच्या मुक्कामातला जेवणाखाण्याचा भत्ता. ट्रकिंग कंपन्या तो सहसा पगाराच्या वर देत नाहीत, मैलाच्या दरातला एक तुकडा वेगळा काढून त्याला पर डायम म्हणतात. त्या तुकड्यावर टॅक्स लागत नाही. म्हणून "पगार" या ओळीतला आकडा घटतो आणि चालकाला वाटतं कापला.

हिशोब मांडून बघू. मैलाला ६० सेंट, आठवड्याला २,५०० मैल, म्हणजे १,५०० डॉलर, सगळे टॅक्सपात्र. आता कंपनी म्हणते, पर डायम घ्या, मग ४६.५ सेंट पगार आणि १२ सेंट पर डायम. बेरीज ५८.५ होते, ६० नाही. दीड सेंट कंपनीनं "योजनेचा खर्च" म्हणून ठेवून घेतला. कागदावर तुमचे आठवड्याला ३७.५० डॉलर गेले. पण टॅक्सपात्र पगार १,५०० वरून १,१६२.५० वर आला, म्हणजे ३३७.५० नं घटला. लग्न झालेला, घरात एकाचीच कमाई, १२ टक्क्यांच्या टप्प्यात असलेला चालक धरला, तर त्यावर आयकराचे १२ अधिक सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के, म्हणजे साधारण ६६ डॉलर वाचले. हातात शेवटी २९ डॉलर जास्त.

बरं झालं म्हणायचं? पूर्ण नाही. वर्षाला ५० आठवडे धरले, तर १६,८७५ डॉलरची कमाई सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत येतच नाही, आणि म्हातारपणीचं पेन्शन त्याच नोंदीवर ठरतं. बेकारी भत्ता असो की बँकेचं कर्ज, आधी बघतात तो नोंदलेला पगारच. वर लिहिलेलं कर्जनकाराचं लक्षण इथूनच येतं. तरुण चालकाला, ज्याला येत्या वर्षभरात घर घ्यायचंय, त्याला मी पर डायम नको म्हणून सांगते, कंपनी पर्याय देत असेल तर. ज्याची घर-कर्जाची घाई नाही आणि जो वाचलेले पैसे खरंच बाजूला टाकतो, त्यानं घ्यावा. आणि दीड सेंटाऐवजी तीन-चार सेंट कापणाऱ्या कंपनीचा पर डायम कुणीच घेऊ नये, तिथे वाचलेला सगळा टॅक्स कंपनीच्याच खिशात जातो.

४. दिवस मोजा

पर डायमला दिवसाची मर्यादा आहे. ट्रकिंगसारख्या वाहतूक धंद्यासाठी आयआरएसनं, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्यानं, ठरवलेला विशेष दर १ ऑक्टोबर २०२४ पासून अमेरिकेच्या मुख्य भूमीत दिवसाला ८० डॉलर आहे, त्याबाहेर ८६. त्याआधी तीन वर्षं तो ६९ होता. निघाल्याचा आणि परतल्याचा दिवस सहसा पाऊण धरतात. सोमवारी निघून शुक्रवारी घरी आलात, तर मधले तीन पूर्ण, दोन पाऊण, म्हणजे साडेचार दिवस, ३६० डॉलर. वरच्या उदाहरणातले ३०० त्यात बसतात. पण त्याच आठवड्यात ३,२०० मैल झाले, तर १२ सेंटांनी ३८४ होतात. वरचे २४ डॉलर पगार धरून त्यावर टॅक्स लागलाच पाहिजे. कंपनीनं तो लावला तर ती चूक नव्हे.

उलटी चूक जास्त धोक्याची. घरी झोपलेल्या रात्रींचाही पर डायम मिळत असेल, तर आज गोड वाटतं, उद्या आयआरएस तो सगळा पगार ठरवू शकते. नियमाचा गाभा मुक्काम आहे. आपल्याकडे एसटीची मुक्कामी गाडी आणि संध्याकाळी डेपोत परत येणारी गाडी, यांतला फरक डोळ्यासमोर आणा. पहाटे निघून रात्री घरी येणाऱ्या लोकल चालकाला, दिवस चौदा तासांचा झाला तरी, पर डायम नाही. विश्रांतीसाठी, झोपेसाठी बाहेर थांबावं लागलं पाहिजे.

दिवस मोजायला लॉग, म्हणजे गाडी चालवल्याच्या आणि विश्रांतीच्या तासांची नोंद, लागतो. इलेक्ट्रॉनिक लॉग कंपनीनं सहा महिने जपायचा असतो, त्यापुढे तिच्यावर बंधन नाही. आयआरएस मात्र साधारण तीन वर्षं मागचं विचारू शकते. म्हणून महिन्यातून एकदा स्वतःचा लॉग उतरवून घ्या, ईमेलनं स्वतःलाच पाठवा. कंपनी सोडताना तर आधी हेच करा, कारण सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी ॲपचं लॉगिन बंद होतं आणि मग विनवण्या करत बसावं लागतं.

५. टॅक्स आठवड्या-आठवड्याला उड्या का मारतो

पेरोलचं सॉफ्टवेअर तुमचा एकच आठवडा बघतं आणि त्याला ५२ नं गुणतं. ९०० डॉलरचा आठवडा म्हणजे त्याच्या लेखी वर्षाला ४६,८०० वाला माणूस, २,१०० चा आठवडा म्हणजे १,०९,२०० वाला. एकटा राहणारा चालक दुसऱ्या आठवड्यात सरळ २२ टक्क्यांच्या टप्प्यात जाऊन बसतो आणि कपात वाढते. पैसे बुडालेले नसतात, रिटर्न भरताना हिशोब सरळ होतो. महिन्याभराचे स्टब एकत्र करून टक्केवारी काढा, तेव्हाच काही कळेल.

महिन्याचा हिशोबही विचित्र येत असेल, तर डब्ल्यू-४ उघडा, म्हणजे किती टॅक्स कापायचा ते कंपनीला सांगणारा तुमचा फॉर्म. बायकोही नोकरी करते आणि दोघांच्याही डब्ल्यू-४ मध्ये दुसऱ्या नोकरीची खूण नाही, तर दोन्हीकडे कमी कापलं जातं आणि एप्रिलमध्ये एकदम फटका बसतो. मुलं मोठी झाली तरी त्यांच्या नावची सवलत तशीच राहून गेलेली असते, हेही फार दिसतं. नवा फॉर्म भरून देणं फुकट आहे, वर्षात कितीही वेळा देता येतो.

२०२५ पासून एक प्रश्न वाढलाय: ओव्हरटाइमवरचा टॅक्स माफ झाला, मग माझा का नाही? ती सवलत संघराज्याच्या मजुरी कायद्यानं सक्तीच्या ओव्हरटाइमलाच आहे. राज्याबाहेर माल नेणाऱ्या लांब पल्ल्याच्या चालकांना तो कायदा सहसा ओव्हरटाइम देतच नाही, त्यामुळे ही सवलतही लागू होत नाही. ऐकायला कडू आहे, पण एप्रिलमध्ये कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

६. भलत्याच राज्याचा टॅक्स

ही चूक सापडली की मला समाधान वाटतं, कारण दुरुस्ती पक्की होते. कंपनीचा जो चालक दोन किंवा जास्त राज्यांत नेमानं गाडी चालवतो, त्याच्या पगारावर फक्त तो राहतो त्या राज्यालाच आयकर लावता येतो. अमेरिकी संहितेच्या ४९ व्या भागातलं कलम १४५०३ तसं स्पष्ट सांगतं. तरी कंपनीचं ऑफिस ज्या राज्यात, तिथला टॅक्स सॉफ्टवेअर आपोआप लावतं, किंवा चालकानं घर बदललं आणि पत्ता जुनाच राहिला. पत्ता दुरुस्त करा, कलमाचा आकडा लिहून पेरोलला ईमेल टाका. चालू वर्षातला टॅक्स कंपनी परत फिरवू शकते. वर्ष संपलं असेल, तर त्या राज्यात अनिवासी म्हणून रिटर्न भरून मागावा लागतो.

७. जानेवारीतला डब्ल्यू-२

पहिल्या रकान्यात पर डायम नसतो. म्हणून तो आकडा खात्यात आलेल्या रकमेशी जुळवू नका. वर्षातला शेवटचा पे-स्टब घ्या, एकूण कमाईतून पर डायम, टॅक्सआधीचा विमा आणि ४०१(के) वजा करा, मग पहिल्या रकान्याशी ताडून बघा. ४०१(के) पहिल्या रकान्यातून वजा होतो, पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या तिसऱ्या-पाचव्या रकान्यातून होत नाही. त्यामुळे हे आकडे एकमेकांपेक्षा वेगळे असणं बरोबरच आहे. पर डायमची रक्कम काही कंपन्या चौदाव्या रकान्यात फक्त माहितीसाठी लिहितात, त्यावर टॅक्स भरायचा नसतो.

तरीही फरक राहिला, तर कंपनीकडे लेखी डब्ल्यू-२सी मागा, म्हणजे दुरुस्त केलेला डब्ल्यू-२. तोंडी मागितलेला मी वेळेवर आलेला पाहिला नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत दाद लागली नाही, तर आयआरएसला फोन करता येतो, ते कंपनीला पत्र धाडतात.

८. १०९९ वाल्यांसाठी

तुमच्या सेटलमेंटमधली कपात टॅक्सची नसते. इन्शुरन्स, ट्रेलरचं भाडं, डिझेल, एस्क्रो (कंपनीकडे राहणारी तुमची अनामत), अशी असते. इथे लीजचा, म्हणजे तुमचा ट्रक कंपनीकडे लावल्याचा, करार काढून बसा. कुठली कपात होणार आणि तिचा हिशोब कसा, हे करारात लिहिलेलं असलंच पाहिजे, असा संघराज्याचा नियम आहे. करारात नसलेली ओळ दिसली, तर कागद मागायचा तुमचा हक्क आहे. लोडच्या, म्हणजे मालाच्या खेपेच्या, भाड्याच्या टक्क्यावर चालत असाल, तर भाड्याचं मूळ बिल बघायचाही. एस्क्रोवर दर तिमाहीला निदान व्याज मिळालं पाहिजे, आणि करार संपल्यापासून ४५ दिवसांत हिशोब करून उरलेली रक्कम परत. कित्येक चालकांनी हजार-दोन हजार डॉलर फक्त माहीत नव्हतं म्हणून सोडून दिलेत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

पर डायम मात्र तुम्हाला रिटर्नमध्ये घेता येतो. रस्त्यावरच्या वाहनचालकांसाठी ८० डॉलरचे ८० टक्के धरतात, म्हणजे दिवसाला ६४. समजा २२० पूर्ण दिवस आणि ४० पाऊण दिवस. ते झाले २५० दिवस, २०,००० डॉलर, त्यातले १६,००० वजा. आयकरही घटतो आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्क्यांचा करही. पण पर डायम घेतला की जेवणाच्या पावत्या पुन्हा लावायच्या नाहीत. मोटेलची खोली पर डायममध्ये येत नाही, तिची पावतीच लागते.

टॅक्स कुणी कापत नाही, म्हणून १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी या चार तारखांना अंदाजे हप्ते भरा. प्रत्येक सेटलमेंटमधून ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात टाकणारे चालक एप्रिलमध्ये मला फोन करत नाहीत.

इथे थांबा आणि माणूस गाठा

पुढच्या गोष्टींत मी स्वतःही हात घालत नाही, आणि कुणा मित्राच्या सांगण्यावरून तुम्हीही घालू नका.

ट्रक कंपनीचा, डिस्पॅच कंपनीचं, सुट्टीही त्यांना विचारून, आणि हातात १०९९. तुम्हाला चुकीच्या खान्यात टाकलंय अशी शक्यता मोठी आहे. आयआरएसकडे एसएस-८ फॉर्म भरून ठरवून घेता येतं, पण त्याआधी एनरोल्ड एजंट (कर-सल्लागार, खाली सांगितलंय) किंवा कामगार वकिलाशी बोला, कारण त्यातून नोकरीवर परिणाम होऊ शकतो.

तुम्हाला कायमचं घरच नाही, भाडं भरत नाही, ट्रकमध्येच राहता. मग आयआरएसच्या लेखी तुमचं "टॅक्स होम" नाही. घरच नाही, तर घराबाहेर असणंही नाही, आणि पर डायम पूर्ण उडू शकतो. दोन-तीन वर्षांचे रिटर्न आधीच भरले असतील, तर आजच माणूस गाठा.

आयआरएसचं पत्र आलंय आणि त्यावर उत्तराची तारीख आहे. ते पाकीट गाडीच्या कप्प्यात ठेवून पुढच्या लोडला निघू नका. तारीख गेली की बरेच हक्क जातात.

पगारातून अपघाताचे किंवा मालाच्या नुकसानीचे पैसे कापले आणि त्या आठवड्याची मजुरी किमान वेतनाच्याही खाली गेली, तर ते अमेरिकेच्या श्रम खात्याच्या मजुरी विभागाचं काम आहे, तक्रार करायला फी नाही. बऱ्याच राज्यांचे कायदे त्याहून कडक आहेत.

एनरोल्ड एजंट म्हणजे आयआरएसनंच परवाना दिलेला कर-सल्लागार. सीपीएपेक्षा, म्हणजे तिकडच्या सीएपेक्षा, सहसा स्वस्त पडतो. ट्रकवाल्यांचे रिटर्न करणारा शोधा आणि पहिलाच प्रश्न विचारा: पगारी चालकाला पर डायमची वजावट मिळेल का? "हो, काढून देतो" म्हणाला, तर उठून निघा. परताव्याच्या टक्क्यावर फी मागणाऱ्यालाही दूर ठेवा. भेटीला जाताना वर्षातला शेवटचा पे-स्टब किंवा सगळ्या सेटलमेंट शीट, उतरवलेले लॉग, डब्ल्यू-४ ची प्रत, लीजचा करार आणि आलेलं पत्र पाकिटासकट न्या. पाकिटावरचा शिक्का लागतो, तो फेकू नका.